प्रश्न वाचकांचे : दिवाळखोरी सल्लागार फर्ममधली इंटर्नशिप

कर्जात अडकलेल्या कंपन्यांची पुनर्रचना आणि दिवाळखोरी प्रक्रिया हाताळणाऱ्या फर्ममध्ये विद्यार्थ्याला नेमकं काय काम मिळतं, याबद्दल विधी, वाणिज्य, सीए आणि एमबीएच्या विद्यार्थ्यांची बरीच पत्रं आली. काही पालकांनीही लिहिलं आहे. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एका ‘इन्सॉल्व्हन्सी’ फर्ममध्ये दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळते आहे. हे कर्जवसुलीचं काम तर नाही ना? घरात थोडी धास्ती आहे.

उत्तर : वसुलीचं काम नाही. वसुली एजंट एका बँकेच्या वतीने एका कर्जदाराच्या मागे लागतो. इथे कंपनीकडून पैसे येणं असलेल्या सगळ्यांचा हिशेब एकाच टेबलावर येतो. दिवाळखोरी संहिता २०१६ सालची, आणि कंपन्यांसाठीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. किमान एक कोटी रुपयांची थकबाकी असेल तर बँक, पुरवठादार किंवा खुद्द कंपनी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे, अर्ज करू शकते. २४ मार्च २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. अर्ज ‘ॲडमिट’ झाला, म्हणजे न्यायाधिकरणाने दाखल करून घेतला, की त्या दिवसापासून संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या हाती जातो. व्यवहारात त्याला सगळे आरपी म्हणतात. कारखाना चालू ठेवणं, दावे गोळा करणं, कर्जदात्यांची समिती बसवणं आणि कंपनी घेणारा नवा मालक शोधणं ही त्याची कामं. खरेदीदार मिळाला नाही तर कंपनी लिक्विडेशनमध्ये जाते, म्हणजे तिची मालमत्ता विकून पैसे वाटले जातात. आरपी ही बहुधा नोंदणीकृत व्यक्ती असते आणि फर्म त्या व्यक्तीला माणसं, पद्धत आणि यंत्रणा पुरवते.

अशा फर्मचं दुसरं काम न्यायाधिकरणाबाहेर चालतं. हप्ता थकायला लागल्यावर बँक खात्याला एसएमए (‘स्पेशल मेन्शन अकाउंट’, म्हणजे लक्ष ठेवायचं खातं) या नावाखाली एसएमए-० (३० दिवसांपर्यंत), एसएमए-१ (३१ ते ६०) आणि एसएमए-२ (६१ ते ९०) असे शेरे देते. ९० दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक. या टप्प्यांवर बँका आणि कंपनी मिळून कर्जाची नवी मांडणी करतात. रिझर्व्ह बँकेने ७ जून २०१९ रोजी आणलेल्या चौकटीत अशा योजनेला रकमेच्या ७५ टक्के आणि संख्येच्या ६० टक्के कर्जदात्यांची संमती लागते, आणि मग ती बाकीच्यांनाही बांधून ठेवते. इथे विद्यार्थ्याचं काम मुख्यतः रोख-प्रवाहाच्या अंदाजाचं असतं. मुलीला कोणत्या बाजूला बसवणार, हे आधी विचारून घ्या. दोन्हीकडचं शिक्षण वेगळं आहे.

धास्तीबद्दल एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. कारखान्यावर साठा मोजायला किंवा कागद ताब्यात घ्यायला जाण्याची वेळ येते. पगार थकलेल्या कामगारांचा राग तिथे पहिल्या दिसणाऱ्या माणसावर निघू शकतो. विद्यार्थ्याने एकट्याने जाऊ नये, चाव्या किंवा मालमत्ता ताब्यात घेतल्याच्या कागदावर स्वतः सही करू नये. चांगली फर्म हे स्वतःच सांभाळते. मुलाखतीत विचारल्यावर नीट उत्तर आलं नाही, तर ती खूण लक्षात घ्या.

प्रश्न : मी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात आहे. चार आठवड्यांत या विषयात काही हाती लागेल का?

उत्तर : बार कौन्सिलच्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते (तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२), आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. संहितेची मूळ मुदत १८० दिवसांची, वाढवून २७०. न्यायालयीन वेळ धरून ३३० दिवसांत प्रक्रिया संपावी असं कायदा सांगतो. ही ३३० ची मर्यादा अपवादात्मक परिस्थितीत ओलांडता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने एस्सार स्टीलच्या निकालात १५ नोव्हेंबर २०१९ रोजी स्पष्ट केलं. म्हणजे चार आठवड्यांत तुम्हाला लांब प्रवासातला एकच टप्पा दिसणार. म्हणून फर्मचं नाव किती मोठं आहे यापेक्षा ‘मी येईन तेव्हा तुमचं कोणतं मॅटर कितव्या दिवसावर असेल?’ हा प्रश्न महत्त्वाचा.

दिवस ॲडमिशनच्या तारखेपासून मोजतात. इंटरिम आरपीने, म्हणजे सुरुवातीला नेमलेल्या हंगामी आरपीने, नेमणुकीपासून तीन दिवसांत फॉर्म ‘ए’मध्ये जाहीर सूचना द्यायची, एक इंग्रजी आणि एक प्रादेशिक भाषेच्या वृत्तपत्रात. दाव्यांसाठी नेमणुकीपासून १४ दिवस. ती मुदत संपल्यावर सात दिवसांत पडताळणी. मग समितीची स्थापना आणि पहिली बैठक. साठाव्या दिवसापर्यंत फॉर्म ‘जी’, म्हणजे गुंतवणूकदारांना आवाहन. पंचाण्णवाव्या दिवसापर्यंत कंपनीची माहितीपुस्तिका. संशयास्पद व्यवहारांबद्दल आरपीचं मत ७५ व्या दिवसापर्यंत, निष्कर्ष ११५ व्या आणि अर्ज १३० व्या दिवसापर्यंत. हे दिवस नियमदुरुस्तीने बदलत आले आहेत, त्यामुळे कामाला बसण्यापूर्वी भारतीय दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या संकेतस्थळावरची अद्ययावत प्रत उघडा आणि तुमच्या मॅटरच्या ॲडमिशनच्या तारखेला कोणता नियम लागू होता ते बघा. दोन वर्षांपूर्वीच्या नोट्सवरून केलेला तारखांचा तक्ता सुरुवातीलाच चुकतो.

निवड करता आली तर पहिल्या महिन्यातलं मॅटर मागा. दावे, समिती, ताबा, मोरॅटोरियम (कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुली यांना स्थगिती), सगळं त्याच काळात घडतं.

विधीच्या विद्यार्थ्याने दोन तक्ते हातात घ्यावेत. एक, तारखांची यादी: कर्ज कधी मंजूर झालं, थकलं कधी, लेखी कबुली कधी दिली. थकल्यापासून तीन वर्षांत अर्ज आला का, यावर कलम ७ चा (बँकेसारख्या वित्तीय कर्जदात्याचा) किंवा ९ चा (पुरवठादारासारख्याचा) अर्ज टिकतो किंवा पडतो. मुदतीच्या आत केलेली लेखी कबुली नवी तीन वर्षं देते, आणि ताळेबंदातली नोंदसुद्धा कबुली ठरू शकते, म्हणून लेखापरीक्षकाच्या टिपांसकट जुने ताळेबंद वाचा. दुसरा, प्रलंबित दाव्यांचा तक्ता: कोणतं न्यायालय, पक्षकार कोण, पुढची तारीख, आणि मोरॅटोरियम लागू होतो का. शेवटच्या रकान्यात चुका होतात. चेक न वटल्याचा कलम १३८ खालचा खटला कंपनीविरुद्ध थांबतो, पण संचालकांविरुद्ध चालू राहतो; सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये पी. मोहनराज प्रकरणात हे ठरवलं. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्या माणसालाही कंपनीच्या मोरॅटोरियमची ढाल मिळत नाही. सगळ्या ओळींपुढे सरसकट ‘स्थगित’ लिहिलं, तर वकील तारखेला हजर राहत नाही आणि एकतर्फी आदेश येतो.

प्रश्न : माझ्या सीनिअरने ‘क्लेम व्हेरिफिकेशन’ला बसवलं आहे. दिवसभर एक्सेल भरते. हे कारकुनी काम आहे असं वाटतं. यातून शिकण्यासारखं काय आहे?

उत्तर : या सगळ्या कामातली खरी शाळा हीच आहे, आणि याच कामाला विद्यार्थी कमी लेखतात. मान्य झालेल्या दाव्यांवरून समितीतली मतं ठरतात, मतांवरून कंपनीचं भवितव्य ठरतं आणि पैसे वाटायची वेळ आली की हीच यादी पुढे येते. म्हणून याचं उत्तर जरा लांबवतो.

फॉर्मपासून सुरू करा. पुरवठादार, सेवा देणारे आणि जीएसटीसारखी सरकारी देणी फॉर्म ‘बी’त. बँका आणि वित्तसंस्था ‘सी’त. घर खरेदीदारांसारखा मोठा गट ‘सीए’त. कामगार-कर्मचारी ‘डी’त, त्यांच्या वतीने एकत्रित दावा ‘ई’त. उरलेले ‘एफ’मध्ये. चुकीच्या फॉर्ममध्ये आलेला दावा फेकून द्यायचा नसतो. योग्य फॉर्ममध्ये द्या असं दावेदाराला ई-मेलने कळवायचं आणि कळवल्याची तारीख नोंदवायची. घर घेणारी अनेक कुटुंबं पुरवठादाराचाच फॉर्म भरून पाठवतात. त्यांची चूक समजून घ्या, त्यांना पुन्हा लिहायला वेळ द्या.

शीटमध्ये किमान इतके रकाने हवेत: दावा मिळाल्याची तारीख आणि मार्ग, नाव, पॅन, फॉर्म, मुद्दल, व्याज, इतर, एकूण, जोडलेले कागद, कंपनीच्या लेजरमधली शिल्लक, फरक, फरकाचं कारण, शंका विचारल्याची तारीख, उत्तराची तारीख, मान्य करण्याजोगी रक्कम, तारण, आणि दावेदार संबंधित पक्ष आहे का. दावेदाराने लिहिलेला आकडा ज्या रकान्यात आहे त्याला पुन्हा हात लावायचा नाही. दुरुस्ती शेजारच्या रकान्यात. शीटवरच आकडा खोडून नवा टाकला की महिन्याभराने ‘आधी काय होतं’ हे कुणालाच सांगता येत नाही, आणि न्यायाधिकरणात नेमकं तेच विचारतात.

आता चुका कुठे होतात ते.

व्याज ॲडमिशनच्या तारखेपर्यंतच मोजायचं. दावेदार बहुधा फॉर्म भरल्याच्या दिवसापर्यंत मोजतो. २० लाखांवर १८ टक्क्यांनी १४ दिवसांचं जादा व्याज १३,८०८ रुपये होतं. एका दाव्यात ही रक्कम छोटी वाटते, पण तीनशे पुरवठादारांच्या यादीत तीच चूक तीनशे वेळा बसते. आणि मुळात पुरवठादाराला व्याज मिळतं का? करारात किंवा दोघांनी मान्य केलेल्या अटींत व्याज असेल तर, किंवा एखादा कायदा देत असेल तर. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाला एमएसएमई कायदा बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज देतो. त्यामुळे नोंदणीचं प्रमाणपत्र आणि त्यावरची तारीख बघितल्याशिवाय व्याजाची ओळ मान्यही करायची नाही, खोडायचीही नाही.

परकी चलनातला दावा ॲडमिशनच्या तारखेच्या अधिकृत दराने रुपयांत आणायचा, बिलाच्या तारखेच्या दराने नाही.

पुरवठादाराच्या बिलाशी जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रं आणि माल वाहतुकीचं ई-वे बिल जुळतात का बघा. बिल आहे पण माल आलाच नाही, असे दावे इथेच उघडे पडतात. उलट, कंपनीच्या लेजरमध्ये शिल्लक कमी दिसते म्हणून पुरवठादार खोटा ठरत नाही. शेवटच्या काही महिन्यांत हिशेब लिहिणारा माणूसच नोकरी सोडून गेलेला असतो आणि बिलं टॅलीत चढलेलीच नसतात. आवक नोंदवही, गेटपास, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या मागवा.

बँकेच्या दाव्यात मंजुरीपत्र, करार आणि खात्याचा उतारा एकमेकांशी लावून बघा. दंडव्याजाची अट करारात आहे का? बँक गॅरंटी वटवली गेली आहे की नुसती उभी आहे? न वटवलेली गॅरंटी ही आकस्मिक देणी आहे. तिचा आकडा वेगळा ठेवायचा आणि आरपी उपलब्ध माहितीवरून तिचा अंदाज धरतो. कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं असेल, तर जुनी बँक आणि नवा धारक या दोघांचाही दावा येऊन एकच कर्ज दोनदा मोजलं जातं. आणि ॲडमिशननंतरच्या तारखांना बँकेने चालू खात्यातली जमा परस्पर कर्जात वळती केली आहे का, हे ओळीन् ओळ तपासा. मोरॅटोरियममध्ये ते चालत नाही. रक्कम परत मागावी लागते, आणि उताऱ्यातली ती ओळ सापडण्याची जास्त शक्यता इंटर्नलाच असते, कारण एवढा बारीक उतारा वाचणारा बहुधा तोच असतो.

संबंधित पक्षाचा रकाना किती जड आहे हे एका उदाहरणात बघा. अ बँकेचे ४८ कोटी, ब चे २७, क चे १५, आणि प्रवर्तकाच्याच दुसऱ्या कंपनीने दिलेले १० कोटी. संबंधित पक्षाला समितीत मत नाही, म्हणून मतांची बेरीज ९० कोटींवर. अ कडे ५३.३३ टक्के, ब कडे ३०, क कडे १६.६७. अ आणि क एकत्र आले की ७० टक्के. कंपनी घेऊ पाहणाऱ्याने दिलेला आराखडा मंजूर करायला लागणारे ६६ टक्के पार होतात. आता त्या १० कोटींपुढचा ‘संबंधित’ हा शेरा राहून गेला असं धरा. बेरीज १०० कोटी, अ आणि क मिळून ६३ टक्के. तोच आराखडा नामंजूर. एका रिकाम्या चौकोनाने शेकडो लोकांच्या नोकऱ्यांचा निर्णय उलटला असता. म्हणून प्रत्येक वित्तीय कर्जदात्याचे संचालक आणि भागधारक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासा, पत्ते आणि ई-मेलची डोमेन नावं ताडून बघा.

शेवटी एक मर्यादा. आरपी न्यायनिवाडा करत नाही. तो दावे पडताळतो आणि एकत्र मांडतो. स्विस रिबन्सच्या निकालात (२५ जानेवारी २०१९) सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं आहे. त्यामुळे शेऱ्यात ‘बोगस दावा’ असं लिहू नका. ‘बिल क्र. ४१ ते ४७ ची पोच मिळाली नाही, अमुक तारखेला मागितली, अमुक तारखेपर्यंत उत्तर नाही’ असं लिहा. दावेदाराचा फोन आला तर किती मान्य होईल ते सांगायचं नाही, पण त्याला टाळायचंही नाही. दावा पोचला आहे, कोणते कागद कमी आहेत, कुठे पाठवायचे, एवढं सौजन्याने सांगा. पलीकडच्या माणसाचे पैसे अडकलेले असतात.

प्रश्न : माझे वडील ज्या कारखान्यात कामाला आहेत तो याच प्रक्रियेत आहे आणि त्याच मॅटरवर काम करणाऱ्या फर्मकडून मला बोलावणं आलं आहे. जाऊ का?

उत्तर : फर्मला आजच लेखी कळवा. त्या मॅटरवर तुम्ही काम करू शकत नाही, त्याची फाइलही उघडायची नाही. दुसऱ्या मॅटरवर घेता येईल का ते फर्म ठरवेल. लपवलं आणि पुढे कळलं तर आरपीच्या निष्पक्षपणावरच प्रश्न येतो.

वडिलांसाठी: दावा फॉर्म ‘डी’त. नेमणूकपत्र, पगारपत्रकं, बँक पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, पीएफचा यूएएन उतारा जोडा. पगारपत्रक नसेल तर हजेरीपत्रकाची प्रत किंवा पीएफ पासबुकातल्या दरमहाच्या नोंदीही कामाला येतात. एकाच पाळीतल्या कामगारांनी मिळून अधिकृत प्रतिनिधीमार्फत फॉर्म ‘ई’ दिला तर कागद एकमेकांना आधार देतात. मुदत चुकली असली तरी हात झटकू नका. आराखडे मागवणारी नोटीस निघेपर्यंत किंवा ॲडमिशनपासून ९० दिवसांपर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर, उशिराचं कारण देऊन दावा करता येतो. कंपनी पुढे लिक्विडेशनमध्ये गेलीच, तर आधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण सोडून दिलेल्या कर्जदात्यांच्या बरोबरीने येतात आणि पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी फंडातली रक्कम लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरलीच जात नाही.

प्रश्न : मी एमबीए फायनान्स करतो. पुनर्रचनेच्या टीममध्ये ‘१३ आठवड्यांचा कॅश फ्लो’ करायला सांगितला आहे. कॉलेजात शिकलेल्या कॅश फ्लो स्टेटमेंटपेक्षा हा वेगळा कसा?

उत्तर : कॉलेजातलं पत्रक झालेल्या वर्षाचं असतं आणि नफ्यापासून सुरू होतं. हा पुढच्या तिमाहीचा आहे, आठवड्यागणिक, आणि बँकेतल्या पैशापासून सुरू होतो. सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, आठवड्याअखेरची शिल्लक. घसारा, तरतुदी, देय-पण-न-दिलेला खर्च यांना इथे जागा नाही.

सुरुवातीच्या शिल्लकेतच पहिली चूक होते. बँकेच्या उताऱ्यात दोन कोटी दिसतात, पण त्यातले एक कोटी चाळीस लाख लेटर ऑफ क्रेडिटच्या मार्जिनमध्ये अडकलेले असतात. वापरता येण्याजोगे साठच लाख. पुस्तकी शिल्लकही घेऊ नका. दिलेले पण न वटलेले चेक वेगळे दाखवा.

येणाऱ्या पैशात विक्रीचं बजेट टाकायचं नाही. ग्राहकांकडून येणं असलेल्या रकमांची वयवारी (कोणती किती दिवस जुनी) घ्या आणि प्रत्येक मोठ्या ग्राहकाने मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे दिले ते काढा. करारात ४५ दिवस आणि वागणुकीत ७२ असतील, तर ७२ धरा. अडचणीतल्या कंपनीला ग्राहक आणखी उशिरा देतात, डेबिट नोट काढतात, हेही धरायचं. वसुलीतला जीएसटी स्वतःचा समजू नका. तो २० तारखेला जातो. टीडीएस ७ तारखेला, पीएफ-ईएसआय १५ ला. या तारखा ज्या आठवड्यात येतात तिथेच टाका, चार आठवड्यांत समान वाटू नका. महिन्याची बेरीज जुळते आणि नेमका दुसऱ्या आठवड्यात पगाराला पैसा कमी पडतो. तेरा आठवड्यांचा तक्ता करायचा तो हेच आधी दिसावं म्हणून.

मॅटर आधीच न्यायाधिकरणात असेल तर ॲडमिशनपूर्वीची देणी या तक्त्यातून बाहेर. ती दाव्यात गेली. नंतरचा कच्चा माल, वीज, पगार हा प्रक्रियेचा खर्च, तो वेळेवर द्यायचा. पुरवठादार ‘जुनं द्या, मग नवा माल’ म्हणतो तेव्हा हा फरक त्याला पत्रात समजावून सांगावा लागतो.

दर सोमवारी अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा फरक लिहा, पण नुसता आकडा नको. चौथ्या आठवड्यात ८० लाख यायचे होते, ५० आले. उरलेले ३० पाचव्या आठवड्यात आले तर तो वेळेचा फरक. ग्राहकाने खराब मालाची डेबिट नोट लावून ३० लाख कापले असतील तर तो कायमचा फरक, आणि पुढचे सगळे आठवडे बदलतात. या दोहोंत गल्लत केली तर आरपी किंवा बँक अंतरिम कर्जाचा निर्णय चुकीच्या आठवड्यात घेते.

प्रश्न : मुलाखतीत काय विचारतात? कोणती तयारी करावी?

उत्तर : कलम ७, ९ आणि १० मधला फरक, वित्तीय आणि व्यावहारिक कर्जातला फरक, कलम २९ए खाली कोण बोली लावू शकत नाही, लिक्विडेशनमध्ये पैसे वाटण्याचा कलम ५३ चा उतरता क्रम. इतकं पाठ नको, समजून हवं. सोबत एखादा एनसीएलटीचा ॲडमिशन आदेश पूर्ण वाचून त्यातली थकल्याची तारीख, रक्कम आणि बचाव तीन ओळींत सांगता यावा. आदेश सार्वजनिक असतात. काही ठिकाणी अर्ध्या तासाची एक्सेल चाचणी घेतात: दोन याद्या ताडून न जुळणाऱ्या ओळी काढणं, पिव्होट, तारखांवरून व्याज. दिनांकाचा साचा बिघडलेली फाइल मुद्दाम देतात. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे आधी तपासणाऱ्याकडे लक्ष जातं.

महाराष्ट्रातल्या मॅटरमध्ये मराठी वाचता येणं ही मोठी जमेची बाजू आहे, तरी विद्यार्थी अर्जात ते लिहीत नाहीत. सातबाराच्या इतर हक्कांत कुणाचा बोजा आहे, फेरफार मंजूर झाला की नुसता नोंदवला, सूची क्रमांक २ वरचा मोबदला किती, कामगारांच्या हस्तलिखित दाव्यात नेमकं काय मागितलं आहे, हे ज्याला वाचता येतं तो पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडतो. एमआयडीसीचा भूखंड बहुधा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, मालकीचा नाही. माहितीपुस्तिकेत तो ‘मालकीची जमीन’ म्हणून गेला तर खरेदीदार चुकीच्या समजुतीवर बोली लावतो.

प्रश्न : गोपनीयतेच्या करारावर सही घेतली आहे. मग रेझ्युमेत काय लिहू? आणि कामाला एआय साधनं वापरू का?

उत्तर : फर्मचं नाव, कालावधी, कामाचा प्रकार, क्षेत्र लिहा: ‘पोलाद क्षेत्रातल्या कंपनीच्या दाव्यांच्या पडताळणीत साहाय्य’. बोलीदारांची नावं, आकडे, मूल्यांकन काहीही नाही, वर्गमित्रालाही नाही. मालमत्तेचं मूल्य किमान दोन नोंदणीकृत मूल्यांकनकार स्वतंत्रपणे काढतात आणि लिक्विडेशन मूल्य आराखडे आल्यानंतरच, गोपनीयतेची हमी घेऊन, समितीच्या सदस्यांना देतात. तो आकडा आधी फुटला तर बोली त्याच्याच आसपास घोटाळते आणि नुकसान पैसे अडकलेल्यांचं होतं. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तुम्ही किंवा घरच्यांनी तिचे शेअर घेणं-विकणं नाही. आधीपासून असतील तर पहिल्याच दिवशी सांगा.

दावेदारांचे पॅन, बँक खाती, करार कुठल्याही सार्वजनिक एआय साधनात टाकू नका. कलमाचा अर्थ समजून घ्यायला वापरलंत तरी उत्तर मूळ कायद्यात पडताळा. न झालेले निकालसुद्धा ही साधनं आत्मविश्वासाने सांगतात. स्क्रीनचे फोटो वैयक्तिक फोनवर काढू नका. घाईत हीच चूक जास्त होते.

प्रश्न : पुढे या क्षेत्रात कारकीर्द कशी होते? स्टायपेंड किती मागावा?

उत्तर : स्टायपेंड फर्मगणिक बदलतो. अल्प मुदतीच्या इंटर्नशिपमध्ये काही ठिकाणी तो नसतोही, आधी लेखी विचारा. प्रवास आणि साइटवरचा मुक्काम यांचा खर्च मात्र फर्मनेच द्यायला हवा.

नोंदणीकृत प्रोफेशनल व्हायला नेहमीच्या मार्गाने सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट किंवा वकील म्हणून दहा वर्षांचा अनुभव लागतो, किंवा पदवीनंतर व्यवस्थापनातला पंधरा वर्षांचा, आणि मर्यादित दिवाळखोरी परीक्षा ६० टक्क्यांनी उत्तीर्ण व्हावी लागते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. तरुणांसाठी वेगळी वाट म्हणजे मानेसरच्या भारतीय कॉर्पोरेट व्यवहार संस्थेचा पदव्युत्तर दिवाळखोरी कार्यक्रम. तो दोन वर्षांचा, त्यातलं दुसरं वर्ष प्रत्यक्ष कामाचं, आणि तो पुरा करणाऱ्याला दहा वर्षांची अट नसते.

प्रश्न : इंटर्नशिप संपताना कोणते कागद घ्यावेत, कोणते द्यावेत?

उत्तर : घ्यायचं ते फक्त प्रमाणपत्र: तारखा, कामाचं स्वरूप, देखरेख करणाऱ्याचं नाव आणि सही. विधीच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजचा डायरीचा नमुना पहिल्याच आठवड्यात फर्मला दाखवावा, शेवटच्या दिवशी सही मागत फिरायची वेळ येत नाही.

द्यायचं जास्त. तुमच्या शीटची अंतिम आवृत्ती, अजून उत्तर न आलेल्या शंकांची यादी त्यांच्या तारखांसकट, कोणता आकडा कोणत्या कागदावरून घेतला याची टीप, आणि जिथे तुम्ही अंदाज केला आहे त्या ओळी रंगाने वेगळ्या दाखवून. हे सगळं जागेवर असलेल्या माणसाला अर्धा तास बसून समजावा. मग लॅपटॉप, पेन ड्राइव्ह आणि ई-मेलमधल्या प्रती काढून टाका आणि तसं एका ओळीच्या ई-मेलने कळवा.